डोळ्यांची रात्रपाळी



सरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी आठवला तो सातवीच्या वर्गातला भूगोलाचा शेवटचा तास. मार्च महिना, वर पत्रे, खिडकीतून येणारी धूळ. सर आम्हाला नकाशा भरायला देत आणि खुर्चीत मागे रेलत. पाच मिनिटांत घोरणं सुरू होई. ते चढत चढत जाई आणि मध्येच एकदम थांबे. मागच्या बाकावरची आम्ही मुलं मग दबक्या आवाजात आकडे मोजायचो. कुणाचा अंदाज बरोबर येतो यावर बोरांची पैज असायची. बारा, तेरा, चौदा. कधी वीसच्या पुढे. मग सरांच्या घशातून खर्रकन मोठा आवाज निघे, सर दचकून ताठ बसत, "काय रे, रंगवलं का दख्खनचं पठार?" असं विचारत, आणि दोन मिनिटांत पुन्हा मान मागे.

झोपेत दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, तर वैद्यकात त्याला ॲप्निया म्हणतात. म्हणजे सातवीतल्या दहा-बारा टारगट मुलांनी सरांच्या आजाराचं मोजमाप बोरं लावून केलं होतं. उपयोग कुणालाच झाला नाही.

सर निवृत्त झाल्यावर तीन-चार वर्षांनी एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यांना पानाचा खालचा अर्धा भाग दिसेना. चष्मा पुसला, दिव्याजवळ गेले, मग एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्या डोळ्यापुढे खालच्या अर्ध्यात करडा पडदा ओढल्यासारखं झालं होतं. दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता. मी तेव्हा मुंबईत नेत्रविभागात शिकत होतो, म्हणून ते माझ्याकडे आले. आम्ही थेंब टाकून बाहुली मोठी केली, आतली दृष्टीची नस सुजलेली पाहिली, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं लिहून घेतलं. नसेचा रक्तपुरवठा तुटला आहे, वयाप्रमाणे होतं, असं सांगितलं. झोपेबद्दल मी एक अक्षर विचारलं नाही. ज्याने लहानपणी त्यांचे श्वास मोजले होते, त्यानेच विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, सहज बोलून गेल्या: "अरे, ह्यांचा श्वास अडकायचा ना रात्री. मी कोपराने ढोसायचे तेव्हा चालू व्हायचा."

आज मला बोलायचं आहे ते त्या कोपराबद्दल.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा जुना समज. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात काय होतं? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजिभेच्या आसपासचा मऊ भाग मागे सरकतो, वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा गेली की आवाज होतो, तेच घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की आवाज थांबतो, आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली. त्या शांततेत छाती आणि पोट श्वास ओढण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, शेवटी मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, खर्रकन श्वास आत येतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला अशा पाच ते पंधरा अडचणी आल्या तर आजार सौम्य म्हणतात, तीसच्या पुढे गेल्या तर तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा. रात्रीतून दोनशे वेळा ज्याला उठावं लागतं, त्याला कुंभकर्ण म्हणणं हा कुंभकर्णावरही अन्याय आहे.

हा आजार वैद्यकाच्या आधी साहित्याला दिसला. डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता उभ्यानेच झोपतो. कादंबरी १८३६-३७ची. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा, गुंगी आणि मंद श्वास यांच्या एका दुखण्याला तिच्यावरून 'पिक्विकियन' हे नाव दिलं. पण झोपेत श्वास नेमका कसा थांबतो, हे नोंदवायला १९६५ उजाडलं. फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. उपचार आला १९८१ साली सिडनीहून. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बसवून त्यातून हवेचा सौम्य दाब दिला आणि घसा उघडा ठेवला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरलेली होती. त्याच यंत्राला आज आपण सीपॅप म्हणतो.

आणि हा फक्त गोऱ्या, लठ्ठ लोकांचा आजार आहे असं समजू नका. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांमध्ये सापडला. त्याच्या जोडीला दिवसा पेंगणं असलेले ७.५ टक्के होते. २०२३ साली देशभरातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तिच्यात सुमारे ११ टक्के प्रौढ भारतीयांना हा आजार असावा असा हिशेब निघाला. या सभागृहात आज दोनशे माणसं असतील. हिशेब तुम्हीच करा. मला मात्र भाषण संपेपर्यंत कोण कोण डुलक्या घेतंय ते इथून दिसतंय.

आता डोळ्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, घशाचा आजार, त्यात डोळ्याचा काय संबंध? रात्री तर डोळे मिटलेलेच असतात, बिचारे विश्रांती घेतात. मलाही कित्येक वर्षं असंच वाटत होतं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दिवसाच्या, रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी साठेक लाख. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्यांच्या वीस पट, सुमारे बारा कोटी. या दंडपेशींची तऱ्हा उलटी आहे. उजेड पडला की त्यांचं काम कमी होतं, अंधार झाला की वाढतं. कोकणातली जुनी, फटी पडलेली होडी डोळ्यांसमोर आणा. अंधारात दंडपेशीच्या भिंतीतली दारं उघडी असतात आणि त्यांतून सोडियमचे कण सतत आत शिरतात, जसं होडीत पाणी. पेशीला ते सतत उपसून बाहेर टाकावे लागतात. उपसायला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो. उजेड पडला की दारं मिटतात आणि नावाडी हात टेकतो. म्हणजे उजेडात दंडपेशीला सुट्टी आणि अंधारात रात्रपाळी.

हे नुसतं चित्र नाही. अमेरिकेत रॉबर्ट लिन्सेनमायर यांनी १९८०च्या दशकात मांजरांच्या पडद्यात केसाहून बारीक इलेक्ट्रोड उतरवून ऑक्सिजन मोजला. पडद्याच्या बाहेरच्या थरात अंधारात ऑक्सिजनचा खप उजेडातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होता, आणि काही जागी ऑक्सिजनचं प्रमाण शून्याच्या आसपास टेकलं होतं. हे निरोगी, नीट श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यात. पडदा मुळातच वजनाच्या मानाने शरीरातल्या सगळ्यांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. मध्यरात्री त्याची शिल्लक आधीच संपत आलेली असते. अशा वेळी तासाला तीस वेळा पुरवठा तोडला तर?

त्या पुरवठ्याच्या वाहिन्यांबद्दलही सांगायला हवं. पडद्याच्या आतल्या थराला रक्त देणारी मुख्य रोहिणी नसेतून आत येते आणि बारीक बारीक फांद्यांत वाटली जाते. बाहुली मोठी करून पाहिलं की त्या नारिंगी पडद्यावर लाल रेषांसारख्या दिसतात. शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतात अशी जागा सहसा हीच, म्हणून नेत्रवैद्याचा धंदा मला इतका आवडतो. १८५१ साली हेल्महोल्ट्झने हे पाहण्याचं यंत्र जगापुढे आणलं. पडद्याच्या मागे वाहिन्यांचा आणखी एक दाट थर आहे. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त त्याच्याच वाट्याला जातं आणि दंडपेशी त्याच्यावर जगतात.

पडद्यातल्या वाहिन्यांना बाकी शरीरासारखे मज्जातंतूंचे हुकूम मिळत नाहीत. त्या आपल्या आपण वागतात. ऑक्सिजन कमी झाला की रुंद होतात, जास्त झाला की आकसतात. एकदा-दोनदा हे सहज जमतं. पण दर दोन मिनिटांनी ऑक्सिजन उतरतो आणि चढतो, श्वास सुरू होताच रक्तदाब उसळतो, निरोगी माणसाचा रात्री जो दाब खाली उतरायला हवा तो उतरत नाही. असं वर्षानुवर्षं झालं, की वाहिनीचं आतलं अस्तर थकतं. वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतं, आवळणारं एंडोथेलिन वाढतं. ऑक्सिजनच्या टंचाईची वर्दी देणारं प्रथिन जागं होतं आणि नव्या वाहिन्या फुटायला लावणारं व्हीईजीएफ बोलावतं. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळालं. मधुमेहाने किंवा म्हातारपणाने पडदा खराब झालेल्यांना आम्ही डोळ्यात जी महागडी इंजेक्शनं देतो, ती याच व्हीईजीएफला आवरण्यासाठी असतात.

तुम्हाला यंत्रणा पटली असेल. मला तर फारच पटली होती. पण यंत्रणा पटणं वेगळं आणि माणसात तसं घडतं हे सिद्ध होणं वेगळं. तेव्हा जे दिसलं आहे तेच सांगतो.

पहिली गोष्ट सरांची. नसेच्या तोंडाशी रक्तपुरवठा तुटण्याच्या या आजाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्ही आपसात 'नायॉन' म्हणतो. सोप्या भाषेत, दृष्टीच्या नसेला आलेला झटका. पंजाबात जन्मलेले आणि आयोवा विद्यापीठात आयुष्य घालवलेले डॉ. सोहनसिंग हायरेह यांनी १९९७ साली दाखवलं, की सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंगांत दृष्टी गेल्याचं रुग्णाला झोपेतून उठल्यावर कळतं. त्यांचा संशय रात्री फार खाली उतरणाऱ्या रक्तदाबावर होता. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल मोजॉन आणि सहकाऱ्यांनी अशा १७ रुग्णांना झोपेच्या तपासणीला नेलं. १२ जणांना स्लीप ॲप्निया निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या १७ जणांत तो फक्त तिघांना होता. आकडे लहान आहेत, पण हा अभ्यास वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळ, वर्तमानपत्र, खालचा अर्धा भाग. सगळं जुळत होतं.

नायॉनला आजही खात्रीचा उपचार नाही, आणि पाच वर्षांत दुसऱ्या डोळ्यालाही तोच झटका येण्याची शक्यता साधारण १५ टक्के धरतात. म्हणून २०१५ सालचा फ्रेंच अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो: ज्यांना नायॉन आणि ॲप्निया दोन्ही होते, त्यांपैकी सीपॅप नीट न वापरणाऱ्यांचा दुसरा डोळा जास्त वेळा गेला. यंत्र नेमाने वापरणारी माणसं गोळ्याही नेमाने घेतात, ही शंका इथे रास्त आहे. पण दुसरा डोळा वाचवण्याची संधी असेल तर मी रुग्णाला ती सांगणारच.

दुसरी गोष्ट काचबिंदूची. तैवानमध्ये १०१२ रुग्णांचा पाठपुरावा झाला. ॲप्निया असलेल्यांना पुढच्या पाच वर्षांत काचबिंदू होण्याचा धोका इतरांच्या १.६७ पट दिसला. आम्हाला वाटलं, श्वास अडकला की डोळ्यातला दाब वाढत असणार. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१६ साली सात रुग्णांच्या डोळ्यावर दाब मोजणारी खास लेन्स रात्रभर ठेवली, आणि निघालं नेमकं उलटं: श्वास अडकलेला असताना डोळ्यातला दाब उतरत होता. बंद घशाशी झुंजताना छातीच्या पोकळीत ओढ निर्माण होते, डोळ्यातलं शिरांचं रक्त तिकडे खेचलं जातं, म्हणून. मग नस खराब होण्याचा दोष दाबावर टाकता येत नाही. बोट पुन्हा रक्तपुरवठ्याकडे जातं.

तिसरी खूण मी बोटाने पाहतो. तपासायला आलेल्या जाड मानेच्या, पन्नाशीच्या माणसाची वरची पापणी मी अंगठ्याने हलकेच वर ओढतो. साधी पापणी थोडा विरोध करते. काहींची पापणी मात्र ओल्या रबरासारखी जरा ओढताच उलटी होते. आतला भाग लाल, सकाळी दोऱ्यासारखी चिकट घाण येते, आणि ज्या कुशीवर माणूस झोपतो तीच बाजू सहसा जास्त खराब. १९८१ साली, सीपॅप जन्मला त्याच वर्षी, अमेरिकेत या ढिल्या पापणीचं पहिलं वर्णन झालं. तिचं आणि ॲप्नियाचं नातं घट्ट आहे. अशी पापणी सापडली की मी चष्म्याचा नंबर बाजूला ठेवतो आणि विचारतो, "घोरता का?" उत्तर ठरलेलं असतं: "छे, नाही." दारातून बायको म्हणते, "अहो, शेजारच्या बिल्डिंगला ऐकू येतं."

पडद्यातली शीर तुंबणं, पडद्याखाली पाणी साचणं, यांचेही संबंध दाखवले गेले आहेत. त्यांवर आज वेळ घालवत नाही. मधुमेह मात्र टाळता येत नाही, कारण आपल्याकडे घरटी एक तरी मधुमेही आहे. बर्मिंगहॅमच्या २०१७च्या अभ्यासात मधुमेहींना काही वर्षं पाहिलं. ज्यांना ॲप्निया होता त्यांचा पडदा पुढच्या, धोक्याच्या पायरीला जास्त वेळा गेला.

आता थोडा थंड पाण्याचा हबका, स्वतःलाही आणि तुम्हालाही. दंडपेशींच्या रात्रपाळीची कल्पना लंडनच्या जेफ्री आर्डन यांनी मधुमेहाला लावली होती. ज्यांच्या दंडपेशी आनुवंशिक रोगाने मेलेल्या असतात, त्यांना मधुमेह होऊनही पडद्याचा आजार क्वचितच होतो, हे त्यांचं निरीक्षण. मग त्यांनी म्हटलं, रात्री मिटलेल्या पापण्यांवर मंद उजेड टाकला तर दंडपेशी शांत राहतील, ऑक्सिजन वाचेल, पडदा वाचेल. काय सुरेख विचार! त्यासाठी उजेडाचा मुखवटा तयार झाला. ब्रिटनमध्ये ३०८ रुग्णांवर दोन वर्षं तो तपासला. फायदा शून्य. तसंच, मधुमेहाने पडद्यावर सूज आलेल्या आणि ॲप्निया असलेल्या सुमारे १३० जणांना सीपॅप देऊन ब्रिटनमध्येच वर्षभर पाहिलं. दृष्टी सुधारली नाही. हृदयाच्या बाबतीतही २७१७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. तिथे रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरलं होतं, हेही खरं. पण अपयशाला कारण शोधणं सोपं असतं, आणि आम्हा डॉक्टरांना ते फार लवकर सापडतं.

म्हणून मी सीपॅप डोळ्यासाठी लिहून देत नाही. ते दिवसाच्या पेंगण्यासाठी, रक्तदाबासाठी, गाडी चालवताना जीव वाचावा म्हणून देतात, आणि ती कारणं पुरेशी आहेत. उलट मुखवटा नीट बसला नाही तर कडेने हवा डोळ्यावर सुटते आणि डोळे कोरडे पडतात. मग लोक डोळ्यासाठी माझ्याकडे येतात आणि मी त्यांना मुखवट्यासाठी परत पाठवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आम्ही डोळ्यांचे डॉक्टर दिवसाचेच डोळे तपासतो. अक्षरांचा तक्ता दिवसाचा, दाबाची मोजणी दिवसाची, रुग्णाची कहाणीही दिवसाची. नसेला झटका बसतो तो आमचा दवाखाना बंद असताना. त्या वेळचा एकमेव साक्षीदार रुग्णाच्या शेजारी जागा असतो, बहुधा बायको, आणि तिला आम्ही दाराबाहेर बाकावर बसवतो. घोरता का, दिवसा पेंगता का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का, मान किती जाड, असे आठ प्रश्न टोरांटोच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी २००८ साली शस्त्रक्रियेआधी विचारण्यासाठी बसवले. विचारायला दोन मिनिटं लागतात. त्यांतल्या ज्या प्रश्नाचं उत्तर रुग्णाला कधीच देता येत नाही, तो तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा.

सर गेले तेव्हा त्यांचा डावा डोळा शेवटपर्यंत चांगला होता. ते नशीब, त्यात माझं काहीही श्रेय नाही. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे भाषण लिहिताना मी त्यांना विचारलं की तो कोपर मारायला कधी सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी."

तेव्हा माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी डोळे दाखवायला जाल, मग ते माझ्याकडे असो की आणखी कुणाकडे, तर रात्री तुमच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, आणि डॉक्टरांनी बाहेर बसा म्हटलं तरी त्याला आत बसवा.